नैवेद्याची वाटी

नाशिक, रविवार संध्याकाळ

बाळा,

तुझा मेसेज दुपारी वाचला. ‘काका, वजनाच्या ऑपरेशननंतर पंधरा दिवस पाणी, सार आणि पावडरचं दूध पिऊन कंटाळलो. उद्यापासून मिक्सरमधलं सुरू. मिसळ कधी?’ फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू ‘हो काका, हो काका’ करतोस आणि ठेवल्यावर सगळं विसरतोस. म्हणून लिहून पाठवतोय. आईला दाखव, स्वयंपाक तीच करणार आहे.

आधी एक काम कर. घरातली आमटीची वाटी कपाटात ठेवून दे आणि देवघरातून नैवेद्याची वाटी मागून घे. तेवढंच तुझं जेवण. सोबत चहाचा चमचा. दोन-तीन मोठे चमचे ऐवज, त्याला वीस मिनिटं, जमलं तर अर्धा तास. तुला हसू येईल. सात वर्षांपूर्वी माझं हेच ऑपरेशन झालं तेव्हा मलाही आलं होतं. पण तुझ्या पोटाचा पाऊण भाग, किंबहुना थोडा जास्तच, आता तुझ्याकडे नाही. उरली आहे ती केळ्याएवढी नळी, आणि तिच्या एका बाजूला वरपासून खालपर्यंत पिनांची शिवण. ती अजून भरून येतेय. नवा स्लॅब पडला की लगेच त्यावर पाण्याची टाकी चढवतात का?

पायऱ्या तुझ्या कागदावर असतीलच. साधारण दोन आठवडे पातळ, पुढचे दोन मिक्सरमधून काढलेलं, मग दोन आठवडे मऊ, म्हणजे चमच्याने दाबलं की मोडेल असं, आणि सहा ते आठ आठवड्यांनी घरातलं नेहमीचं. प्रत्येक सर्जनचा कागद थोडा निराळा असतो. माझ्या पत्रात आणि तुझ्या कागदात फरक दिसला तर कागद खरा.

उद्या सकाळी मुगाच्या डाळीचं वरण, मिक्सरमधून काढलेलं, हिंग-हळद-मीठ, तुपाचा थेंब. दुपारी पाणी काढलेलं दही, म्हणजे चक्काच, साखर न घालता. दोन-तीन दिवसांनी नीट जमतंय असं वाटलं, तर मऊ अंडं दह्यात घोटून. नवा पदार्थ एका वेळी एकच, म्हणजे पोट कुरकुरलं तर कशाने ते कळतं. मी पहिल्याच दिवशी वरण, भोपळा आणि पनीर एकत्र फिरवून खाल्लं. रात्री कळ आली तेव्हा आरोपी तीन, साक्षीदार एकही नाही.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र. आपल्याला ‘पोट भरलं’ ही जुनी खूण पाठ आहे: ढेकर, जडपणा, पाठ टेकून बसणं. ती खूण विसर. तिची वाट बघत बसलास तर उलटीच होईल. नवी खूण फार बारीक असते. कुणाला उचकी लागते, कुणाचं नाक गळायला लागतं, कुणाला छातीच्या मध्ये, बरगड्या जुळतात तिथे, बोट ठेवल्यासारखं वाटतं. माझं नाक गळतं. सात वर्षं झाली, अजून गळतं. बायको समोरून रुमाल सरकवते आणि ताट उचलते. तुझी खूण कोणती हे पुढच्या पंधरा दिवसांत शोधून काढ. सापडली की त्याच घासाला थांब. वाटीत चमचाभर उरलं तर उरू दे. ‘अन्न टाकू नये’ हे आपल्या घरातलं शिकवणं मला मान्य आहे, फक्त आता ते वाढून घेताना पाळायचं.

भूक लागत नाही म्हणून घाबरू नकोस. पोटाचा जो वरचा भाग काढला, तिथेच भुकेचं बरंचसं हार्मोन तयार व्हायचं. तेव्हा खायचं घड्याळ बघून. आणि तू ज्याला भूक म्हणतोयस, मिसळीची, ती जिभेची.

मिसळीचंच सांगतो. माझा चौथा आठवडा होता. रविवारी सकाळी मित्रांनी गंगापूर रोडला नेलं, ‘तू नुसता बस’ म्हणून. मी नुसता बसलोही. मग पावाचा एक तुकडा कटात बुडवून तोंडात टाकला. एकच. तर्रीचा काही दोष नव्हता. घोळ केला पावाने. त्याचा ओला गोळा झाला आणि छातीत बसला. तोंडाला पाणी सुटतच राहिलं, पांढरा फेस यायला लागला, आणि मी पाऊण तास बेसिनला धरून उभा. पाणी पिऊन खाली ढकलावं म्हटलं, तर तेही फेस होऊन वर. मऊ वाटणारे पदार्थच असे फसवतात: पाव, ताजी मऊ पोळी, चिकट भात. कडक भाजलेल्या भाकरीचा तुकडा नंतरच्या काळात पोळीपेक्षा बरा जातो. मिसळ तुला मिळेल. तीन महिन्यांनी, डायटिशियनने मान हलवल्यावर, दोन चमचे मटकी, तर्रीशिवाय, पावाशिवाय. दाणा न दाणा चावून.

पाणी जेवताना नाही. जेवणानंतर अर्धा तास थांबायचं; त्याआधी प्यालास तर एक तर दुखेल, नाही तर खाल्लेलं लवकर खाली वाहून जाईल. बाकी दिवसभर मात्र बाटली हातात, घोट घोट, दीड ते दोन लिटर. एका दमात गटागटा आता जमणारच नाही. लघवी गडद व्हायला लागली की समज, घोट कमी पडतायत. सोडा, कोल्ड्रिंक बंद.

आपलं ताट वरणभाताने सुरू होतं. तुझं उलट. आधी प्रोटीन, मग भाजी, मग जागा उरली तर भात, बहुतेक उरत नाही. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन हवं. अंड्यात सहा ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, आणि १०० ग्रॅम पनीर तू अजून बरेच दिवस एका बैठकीत संपवू शकणार नाहीस. तेव्हा पावडरचं दूध इतक्यात सुटत नाही, तोंड वाकडं करू नकोस.

आणि चिवडा. नाशिकचा माणूस चिवड्याबद्दल वाईट लिहितोय, पण लिहिलंच पाहिजे. चिवडा, फरसाण, बिस्किटं कुठेच अडत नाहीत. चावून पीठ होतं आणि सरसर खाली जातं. अंडं दोन घासांत थांबवतं. चिवडा टीव्हीसमोर बशीभर गेला तरी नाक गळत नाही. मी दुसऱ्या वर्षी नऊ किलो परत चढवले ते मिसळीने नव्हे, डब्यातल्या चिवड्याने. तेव्हा जे दुखतं त्याला घाबरतोस तेवढंच, जे अजिबात दुखत नाही त्यालाही घाबर.

मावश्या येतील. ‘एवढंसं? आजारी पडशील.’ वाद घालू नकोस. ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ एवढं म्हण आणि पुढच्या घासाला लाग. तसंही एक घास वीस-तीस वेळा चावायचा असल्याने बोलायला तोंड मोकळं नसतंच. आईला मात्र नीट समजाव. मुलाला नैवेद्याच्या वाटीत जेवताना बघणं तिला जड जाणार आहे.

गोळ्या चुकवू नकोस. कॅल्शियम आणि लोह एकत्र नाही, मध्ये दोन तास. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतील, घाबरून तेलं बदलत बसू नकोस, परत येतात. अंगदुखीला मेडिकलमधून मनाने गोळी आणायची नाही, आधी विचारायचं. काही वेदनाशामकं या पोटाला चालत नाहीत.

ताप, छातीत धडधड थांबेना, पोटात वाढत जाणारी कळ, डाव्या खांद्यात दुखणं, घोटभर पाणीही न टिकणं, यातलं काही झालं तर मला फोन करायचा नाही, थेट सर्जनला, रात्रीचे दोन असले तरी. उलट्या चालूच राहिल्या तरी तसंच. त्यात ‘ब-१’ जीवनसत्त्व संपतं आणि त्याचा फटका नसांना बसतो.

उद्या सकाळी वरण खाऊन झालं की सांग, किती चमचे गेले आणि नाक गळलं की उचकी लागली. पण अर्ध्या तासाने. आधी पाण्याचा पहिला घोट घे.

तुझा,
काका