वाचकांचे प्रश्न : बेसचा पिकअप बदलण्याआधी

प्रश्न : माझ्याकडे फेंडर कंपनीच्या जॅझ बेसच्या धर्तीचा चार तारांचा स्वस्तातला बेस गिटार आहे. मंडपात वाजवताना सतत घूं आवाज येतो आणि ब्रिजकडचा (तारा खाली टेकतात त्या बाजूचा) पिकअप, म्हणजे तारेचं कंपन टिपणारा चुंबक-कॉइलचा भाग, मंद वाजतो. दोन्ही पिकअप बदलावेत का? कुठले घ्यावेत?
– वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : पिकअप घेण्याआधी मल्टिमीटर लावून बघा. बेसमध्ये केबल खोचा आणि तिच्या दुसऱ्या पिनेच्या टोकाला व बाहेरच्या धातूला मीटरच्या तारा धरा. रेंज २० किलोओहम, ब्रिजचा व्हॉल्यूम पूर्ण, नेकचा (मानेकडच्या पिकअपचा) शून्य. ७-८ च्या आसपास आकडा आला तर कॉइल शाबूत आहे. मग दोष सोल्डरच्या जोडात असेल, नाहीतर पिकअप फार खाली बसला असेल. नुसता १ किंवा ‘ओएल’ (मापाबाहेर) दिसला तर बहुधा कॉइलची तार तुटली आहे. तुटलेली कॉइलही बारीक आवाज देत राहते, म्हणून नुसत्या कानावर जाऊ नका.

घूं आवाजाचं वेगळं आहे. हे पिकअप सिंगल कॉइलचे (एकाच वेटोळ्याचे), त्यामुळे एकटा पिकअप घुमणारच. जोडीतल्या एकाची वेटोळी आणि चुंबक दोन्ही उलटे असतात, म्हणून दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की घूं जवळजवळ नाहीसा होतो. तुमच्याकडे तसं होतं का? होत असेल तर नवे सिंगल कॉइल लावूनही एकट्या पिकअपवर घूं राहीलच. तो नकोच असेल तर त्याच मापाचे हमकॅन्सलिंग (घूं मारणारे) पिकअप घ्या. आपल्या विजेचे ५० हर्ट्झ आणि ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा (मानेवरच्या आडव्या पट्टीवरचा) जी स्वर (४९ हर्ट्झ) अगदी शेजारी पडतात, त्यामुळे तो स्वर मंडपात सेकंदाला एकदा हेलकावतो. तारांना हात लावताच घूं कमी होत असेल तर तारांचं ग्राउंड ठीक आहे. पिकअप बसतो त्या पोकळीला आतून तांब्याची चिकटपट्टी लावून ती ग्राउंडला जोडा. हाताला झिणझिण्या आल्या तर मात्र वाजवणं तिथंच थांबवा आणि आधी मंडपाचं अर्थिंग दुरुस्त करून घ्या.

बदलायचेच तर जोडीच घ्या. एकच घेतला आणि चुंबक जुळला नाही, तर दोन्ही मिळून आवाज पोकळ होतो, खर्ज गळतो. एका पिकअपच्या दोन तारा उलट जोडल्या की खर्ज परत येतो, पण मग घूं कायम राहतो. होकायंत्र जवळ नेऊन बघा : एकाच्या चुंबकी खिळ्यांकडे सुईचं उत्तर टोक वळलं, तर दुसऱ्याच्या खिळ्यांकडे दक्षिण टोक वळलं पाहिजे.

मापात घाई नको. मूळ जॅझ बेसवर ब्रिजचा पिकअप नेकच्या पिकअपपेक्षा ३-४ मिमी लांब असतो, नकलेत दोन्ही सारखे असू शकतात. कडेचे स्क्रूचे कान सोडून कव्हरची लांबी मोजा. चुंबक अल्निको की सिरॅमिक, हा वाद त्यानंतरचा. आमचा कौल अल्निको ५ ला. सिरॅमिकचा आवाज ॲम्पवर जास्त कडक वाटतो.

बसवल्यावर शेवटच्या फ्रेटवर तार दाबून ई तारेखाली ३ मिमी आणि जी तारेखाली २.५ मिमी अंतर ठेवा. याहून जवळ नेलात तर चुंबक तार ओढतो आणि वरच्या फ्रेटवर सूर बिघडतो.

प्रश्न : प्रिसिजन बेसमध्ये ईएमजी कंपनीचा ॲक्टिव्ह (बॅटरीवर चालणारा) पिकअप लावायचा आहे. व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे जुने पॉट चालतील?
– वाचक, कराड

उत्तर : नाही. जुने २५० किलोओहमचे असतात, याला २५ चे लागतात. जुनेच ठेवले तर व्हॉल्यूम हळूहळू न चढता स्विचसारखा एकदम चढतो-उतरतो. केबल खोचायचा जॅक स्टिरिओ हवा, कारण ९ व्होल्टच्या बॅटरीचा स्विच तोच असतो. वाजवून झाल्यावर केबल काढली नाही तर बॅटरी उतरते. ब्रिजकडून येणारी ग्राउंडची तार जोडायची नाही, तिचं टोक टेपने बंद करा. बॅटरीला जागा पुरेल का, हे आधी पिकगार्ड उघडून बघा.

प्रश्न : पाच तारांच्या बेसला सोपबार (साबणाच्या वडीसारखा आयताकृती) पिकअप बसवायचा आहे. पोकळी मिरजेत कोरून घेता येईल का?
– वाचक, मिरज

उत्तर : सतारी-तानपुऱ्यांच्या गावात लाकूडकामाचा हात सापडेल, पण सांगताना ‘एवढंसं कोरा’ म्हणू नका. पिकअप हातात आल्यावरच पुठ्ठ्याचा साचा कापून द्या. ईएमजीच्या ३५ मापाची लांबी ८९ मिमी, ४० ची १०२ मिमी. रुंदी दोन्हींची ३८ मिमी. पिकअपच्या जागी दोन कडेच्या तारांमधलं अंतर मोजून मगच माप ठरवा. खोली मोजताना स्प्रिंग किंवा फोम आणि खालून जाणारी तार धरा.