वसईतली चर्चं साडेचारशे वर्षांपूर्वीची, मग तिला स्वतःचा बिशप १९९८ मध्ये का मिळाला?

मी वसईचाच, त्यामुळे हा प्रश्न मलाही लहानपणी पडायचा. बिशप म्हणजे अनेक चर्चचा मिळून जो धर्मप्रांत होतो, त्याचे प्रमुख. तेव्हा बिशप म्हणजे दृढीकरणाला (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार) मुंबईहून येणारे मोठे पाहुणे. आम्ही पोरं नव्या कपड्यांत रांगेत उभी, प्रत्येकाच्या खांद्यावर मागून धर्मपित्याचा हात. बिशप कपाळावर तेलाने क्रूस काढायचे, नाव घ्यायचे, आणि दिवस मावळायच्या आत परत निघालेले असायचे.

याचं मूळ पोर्तुगीज काळात आहे. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. फ्रान्सिस्कन आले, पाठोपाठ जेझुइट आले (हे कॅथलिक धर्मगुरूंचे संघ), किल्ल्यात एकेका संघाचं चर्च उभं राहिलं. उत्तर प्रांताचं मुख्य ठाणं वसई झालं, पण बिशपांची गादी गोव्यातच राहिली. पूर्वेकडच्या बिशपपदांसाठी नावं सुचवण्याचा हक्क पोपने पोर्तुगालच्या राजाला दिला होता. त्याला पाद्रोआदो म्हणत. त्यामुळे धर्माचा कारभार सत्तेच्या वाटेनेच चालला. ज्या काळात वसईने गोन्सालो गार्सियासारखा संत दिला (१५९७ मध्ये नागासाकीला क्रूसावर हौतात्म्य, १८६२ मध्ये संतपद), त्या काळातही तिला बिशप नव्हता, ही गोष्ट मला आजही लागते.

मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज गेले, त्यांच्याबरोबर बरेच पाद्री गेले. मागे राहिलेल्यांना तहात धर्म पाळायची मुभा होती. चर्चच्या घंटा देशावर गेल्या. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर त्यातली एक अजून टांगलेली आहे. जवळ जाऊन बघा, धातूवर बाळ येशूला घेतलेली मारिया दिसते. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा हात लावून बराच वेळ उभा होतो. इकडे गावात पाद्री कमी आणि बिशप कित्येक दिवसांच्या वाटेवर, तरी वाडवळ, सामवेदी, कोळी घरांतली संध्याकाळची प्रार्थना थांबली नाही. श्रद्धा तेव्हा घरांनी जपली, असं माझं ठाम मत आहे.

पुढे हद्दी बदलत गेल्या. १८८६ मध्ये पोप तेराव्या लिओंनी दमण धर्मप्रांत केला, वसई त्यात गेली. १९२८ मध्ये तो मोडला आणि आपला भाग मुंबईच्या आर्चबिशपांकडे, म्हणजे मुख्य बिशपांकडे, आला. मग सत्तर वर्षं मुंबईच. व्हलेरियन ग्रेशस, सायमन पिमेंटा हे कार्डिनल (पोपच्या खालोखालच्या मानाचे धर्मगुरू) आमचे बिशप होते, पण त्यांच्यापुढे अख्खं महानगर होतं. त्यात वसईची मराठी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), शेती, बोली आणि पलीकडे डहाणू-तलासरीचे आदिवासी पाडे हे सगळं एका कोपऱ्यात पडायचं.

२२ मे १९९८ ला पोप दुसरे जॉन पॉल यांनी मुंबईतून वसई धर्मप्रांत वेगळा काढला. पापडीचं चर्च कॅथेड्रल झालं, म्हणजे बिशपांचं आसन तिथे आलं. पहिले बिशप थॉमस डाबरे, आपल्याच भुईगावचे. मुंबईचे साहाय्यक बिशप म्हणून त्यांना आठ वर्षांचा अनुभव होता, आणि डॉक्टरेट कशावर, तर तुकारामांच्या ईश्वरानुभवावर! वसईला पहिला बिशप मिळाला तो तुकोबांचा अभ्यासक, याचा मला फार अभिमान आहे. २००९ मध्ये ते पुण्याला गेले. त्याच वर्षी फेलिक्स मच्याडो आले. त्याआधी ते नाशिकचे बिशप होते आणि त्याच्याही आधी व्हॅटिकनमध्ये आंतरधर्मीय संवादाच्या विभागात. वसई आर्चडायोसिस (आर्चबिशपांचा धर्मप्रांत) नसली तरी त्यांना आर्चबिशप ही वैयक्तिक पदवी होती, म्हणून लोक गोंधळतात. २०२४ पासून थॉमस डिसोजा बिशप आहेत, वसईचे तिसरे.