वडिलांना कपाळावर नागीण: अटॅकची भीती कितपत खरी?

तुमचा प्रश्न असा, की वडील 68 वर्षांचे, बीपी आणि शुगर दोन्ही, काल सकाळपासून कपाळाच्या उजव्या बाजूला नागीण उठली आहे आणि नात्यातलं कुणीतरी म्हणालं की पुढे अटॅक नाहीतर लकवा येतो. मी डॉक्टर नाही, औषधाचं दुकान चालवतो. तेवढं धरून वाचा.

नातेवाईक अगदीच उगीच बोलले नाहीत. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, ही आपल्याकडची समजूत मात्र सोडून द्या. कांजिण्यांचा विषाणू वर्षानुवर्षं मज्जातंतूंच्या गाठींत दडून असतो, वयामुळे प्रतिकारशक्ती ढिली पडली की त्या तंतूच्या वाटेने कातडीवर येतो. म्हणून पुरळ सहसा एकाच बाजूला, पट्ट्यात उठतं. पण कपाळाला आणि डोळ्याला जाणाऱ्या नसेचेच काही धागे मेंदूच्या रक्तवाहिन्यांनाही पोचतात. त्या वाटेने विषाणू धमनीच्या भिंतीत शिरला की तिथे सूज येते, वाहिनी अरुंद होते, गुठळी होऊ शकते. कोलोरॅडो विद्यापीठात डॉन गिल्डन आणि मारिया नेगल यांनी यावर बरंच काम केलं आहे. हृदयाच्या बाबतीत संबंध इतका सरळ दिसत नाही. अंगातली सूज, गुठळीकडे झुकलेलं रक्त आणि दुखण्याने चढलेलं बीपी, असं सगळं मिळून ते होत असावं.

आता आकडे. ब्रिटनमधल्या 2014 च्या अभ्यासात नागिणीनंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत पक्षाघाताचं प्रमाण साधारण 1.6 पट दिसलं, आणि डोळ्याच्या नसेवरची नागीण असेल तर पाचव्या ते बाराव्या आठवड्यात तिपटीच्या आसपास. अमेरिकेतल्या वृद्धांमध्ये पहिल्या आठवड्यात हार्ट अटॅकचं प्रमाण 1.7 पट होतं, नंतर ते उतरत गेलं. पटीला घाबरू नका. समजा एखाद्याला महिन्याभरात पक्षाघात होण्याची शक्यता हजारात एक असेल, तर ती हजारात दीड-पावणेदोन होते. वडिलांची मुळातली शक्यता बीपी-शुगरमुळे जास्त आहे, म्हणून जपायचं.

त्याच ब्रिटिश अभ्यासात विषाणूविरोधी गोळ्या घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण कमी निघालं. गोळ्या पुरळ उठल्यापासून 72 तासांत सुरू झालेल्या बऱ्या, म्हणून गेरूचा लेप आणि मंतरणं यात आजचा दिवस घालवू नका. असायक्लोव्हिर 800 दिवसातून पाच वेळा असते. लोक तीनदा घेतात आणि ‘गुण नाही’ म्हणून परत येतात! सकाळी 6, 10, दुपारी 2, संध्याकाळी 6, रात्री 10 असं कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. व्हॅलासायक्लोव्हिर दिली तर तीनदा भागतं, पैसे थोडे जास्त जातात. शुगरचे जुने पेशंट आहेत, तेव्हा क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत न्या, किडनी बघून डोस ठरतो. नाकाच्या शेंड्यावर फोड असेल, डोळा लाल असेल तर डोळ्यांचे डॉक्टरही आजच.

माझ्या काउंटरवर दिसणाऱ्या दोन गोष्टी मला विषाणूइतक्याच काळजीच्या वाटतात. आग होते म्हणून लोक आपल्या मनाने डायक्लोफेनॅकची पट्टी मागतात. ती बीपी चढवते, हृदयाला आणि किडनीला चांगली नाही. दुखण्यावर वेगळ्या गोळ्या असतात, त्या लिहून घ्या. दुसरं, ‘अंगात उष्णता झालीय’ म्हणून बीपीच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद करतात. नेमक्या याच दिवसांत बंद! रोज बीपी मोजा. तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एका हातातली ताकद जाणं, छातीत दाबल्यासारखं वाटणं, यातलं काहीही झालं तर नागिणीचा त्रास म्हणून थांबू नका, सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल गाठा.

लसीबद्दलही विचारलंत. आत्ता नाही, नागीण पूर्ण बरी झाल्यावर, डॉक्टर सांगतील तेव्हा. 2023 पासून भारतात मिळते, दोन डोस, किंमत खिशाला जाणवणारी. दक्षिण कोरियात 50 च्या पुढच्या सुमारे 12.7 लाख लोकांच्या पाहणीत लस घेतलेल्यांना हृदयविकार 23 टक्के कमी झाले, पण ती जुनी जिवंत विषाणूची लस होती, आणि लस घेणारे लोक एरवीही तब्येतीला जपणारे असतात. तेव्हा हृदयासाठी म्हणून नाही, नागीण आणि नंतर महिनोन् महिने राहणारी आग टाळायला घ्या. आईचं वय 50 च्या वर असेल तर तिच्याबद्दलही त्याच भेटीत विचारून घ्या.