चिनी वैद्यकाच्या नव्या अभ्यासकाला

अ‍ॅक्युपंक्चरचे बिंदू पाठ करण्यापूर्वी जिंग, छी आणि शेन ही त्रयी तुम्ही नीट समजून घ्यावी, असे मी सुचवेन. जिंग हे मूत्रपिंडांत साठवलेले मूलसार, छी ही शरीरभर फिरणारी शक्ती आणि शेन हे हृदयात वसणारे मनस्तत्त्व होय. चीनमधील हान राजवटीच्या काळाच्या सुमारास सिद्ध झालेल्या ‘ह्वांगदी नेइजिंग’ या वैद्यकाच्या प्राचीन ग्रंथात मन शरीरापासून तोडलेले नाही. रागाने छी वर चढते, भीतीने खाली उतरते आणि अतिविचाराने तिची गाठ बसते, असे तेथे म्हटले आहे. त्यामुळे यकृताशी राग किंवा फुप्फुसांशी शोक जोडलेला पाहून गोंधळू नये, कारण ही नावे शवविच्छेदनात दिसणाऱ्या अवयवांपेक्षा कार्यांच्या समूहांची आहेत. आपल्याकडचे वाचक (हा मोह सहसा आवरत नाही) छीला लगेच प्राण आणि लाकूड, अग्नी, माती, धातू व पाणी या चिनी पंचकाला पंचमहाभूते ठरवून मोकळे होतात. परंतु त्या पंचकात लाकूड आणि धातू आहेत, वायू व आकाश नाहीत, आणि ती द्रव्ये नसून एकमेकांना जन्म देणाऱ्या व आवर घालणाऱ्या अवस्था आहेत. प्रत्यक्ष सरावासाठी छीगोंग, म्हणजे श्वास, हालचाल व एकाग्रता यांचा चिनी अभ्यास, जाणत्या शिक्षकाकडेच शिकावे आणि चालू असलेली औषधे डॉक्टरांना न विचारता बंद करू नयेत.