सेन्सर तीनदा बदलला, तरी दिवा पेटतोच

प्रश्न : माझी २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, ९२ हजार किलोमीटर झालेत. गेल्या दिवाळीत क्लचप्लेट बदलली. त्यानंतर महिनाभरात इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि गाडी चालू केल्या केल्या रेडिएटरचा फॅन जोरात फिरायला लागला. स्कॅनरवर पी०११८ कोड आला म्हणून कुलंट टेम्परेचर सेन्सर बदलला. पंधरा दिवसांत पुन्हा तेच. आतापर्यंत तीन सेन्सर झाले. कोड पुसला की आठ-दहा दिवस बरं चालतं, मग तुळजापूरच्या घाटात किंवा गाडी खड्ड्यात आदळली की दिवा लागतो. इंजिन कधीच उकळलेलं नाही. आता मेकॅनिक म्हणतो, सोलापूरचा उन्हाळा बघता थर्मोस्टॅट काढूनच टाकू. काढू का?
– एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : थर्मोस्टॅटला, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कुलंट रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेला, हात लावू देऊ नका, आणि चौथा सेन्सरही घेऊ नका. तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात : दिवाळीत क्लचप्लेट बदलली.

आधी कोड काय सांगतो ते बघू. हा सेन्सर थंड असला की त्याचा रोध जास्त असतो, तापला की कमी होतो. बऱ्याच गाड्यांत २० अंशांना दोन-अडीच हजार ओहम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास. ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, त्याला ५ व्होल्ट देतो आणि किती व्होल्ट उरले त्यावरून तापमान ओळखतो. मध्ये कुठे वायर तुटली किंवा पिन सुटली, की पूर्ण ५ व्होल्ट तसेच राहतात आणि ईसीयूला वाटतं इंजिन उणे ४० अंशांवर आहे. मग तो त्या आकड्यावर विश्वास ठेवणं सोडतो, पी०११८ नोंदवतो आणि इंजिन वाचावं म्हणून फॅन सतत चालू ठेवतो. म्हणजे कोड सबंध सर्किटबद्दल बोलतोय. त्या सर्किटमध्ये सेन्सर आहे, त्याला वायरी जोडणारा कपलर आहे, दोन वायरी आहेत, अर्थिंगची जोडणी आहे. तुमच्याकडे बदलला गेला तो फक्त सेन्सर, तोही तीन वेळा. हे मला मनापासून खटकतं, कारण पैसे तुमचे गेले आणि दोष जागेवरच राहिला.

क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. तेव्हा बॅटरीचा ट्रे निघतो, वायरिंगच्या क्लिपा सोडतात. एखादी क्लिप तुटली किंवा परत बसवलीच नाही, तर हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, लोंबतो किंवा ताणला जातो. घाटात खालच्या गिअरमध्ये जोर पडला की इंजिन माउंटिंगवर झुकतं आणि ती वायर खेचली जाते. खड्ड्यातही तसंच. तुमची लक्षणं याच्याशी इतकी जुळतात, की मी पहिला हात तिथेच घालीन.

काही वर्षांपूर्वी अक्कलकोट रोडवरच्या माझ्या गॅरेजात टूरवर चालणारी एक गाडी आली होती, असाच कोड घेऊन. वायर बाहेरून नवीकोरी. मी कपलरपासून मागे दोन बोटांच्या चिमटीत धरून वायर चाचपत गेलो. वीतभर अंतरावर एका जागी ती पोकळ लागली. साल चिरली, तर आत तांब्याची हिरवी पूड, आणि दोनच तारा शाबूत. आधी कुणीतरी टेस्ट लॅम्पची सुई त्या वायरीत खुपसली होती. त्या भोकातून धुण्याचं पाणी आत जात राहिलं. हातभर वायर बदलली, डाग देऊन स्लीव्ह चढवली. तो कोड परत आला नाही.

तुमच्या गाडीचं असं करा. कोड पुसण्याआधी स्कॅनरवर त्याची फ्रीझ फ्रेम बघायला सांगा. दोष आला त्या क्षणी वेग, आरपीएम, तापमान किती होतं ते तिथे नोंदलेलं असतं. दुसरं, गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी सुरू न करता फक्त इग्निशन ऑन करा. कुलंट आणि आत येणारी हवा, या दोन्हींचे आकडे जवळपास सारखे हवेत. सारखे असतील तर सेन्सर बहुधा ठीक आहे. मग इंजिन चालू ठेवून, पंखा आणि बेल्टपासून हात लांब ठेवून, हार्नेस थोडा थोडा हलवा आणि दुसऱ्याला स्क्रीनवर लक्ष ठेवायला सांगा. ८५ वरून आकडा एकदम खाली पडला की जागा सापडली. काही गाड्यांत ईसीयू लगेच स्वतःचा ठरावीक आकडा दाखवतो, तेव्हा मल्टिमीटरने व्होल्टच मोजावे लागतात. कपलरच्या पिनाही बघा. तीनदा काढघाल झाल्यावर मादी पिन सैल झालेली असते आणि नुसतं बघून ते कळत नाही. जोडीच्या मापाची पिन घालून पकड तपासावी लागते.

आता थर्मोस्टॅट. तो साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागतो. काढून टाकला तर पुणे हायवेवर इंजिन नीट तापणारच नाही, पेट्रोल जास्त जाईल आणि पी०१२८ हा नवा कोड मागे लागेल. उन्हाळा आहे म्हणून हा भाग काढण्याची पद्धत मला मुळीच मान्य नाही. मे महिन्यात पारा ४३ वर गेला तरी इंजिनला स्वतःचं तापमान गाठावंच लागतं.

एक काळजी मात्र आहे. प्रत्येक सेन्सर बदलताना थोडं कुलंट सांडलं असणार. ते कशाने भरलं, विचारा. बोअरचं जड पाणी घातलं असेल तर सगळं काढून कंपनीने सांगितलेलं कुलंट भरा आणि एअर नीट काढायला लावा. सेन्सरभोवती हवेचा फुगा राहिला तर आकडा खोटा येतो. कॅप फक्त थंड इंजिनवर उघडा.

दुरुस्ती झाली की शहरात फेरी मारून गाडी ताब्यात घेऊ नका. स्कॅनर लावून मेकॅनिकला बरोबर घ्या आणि तुळजापूरचा घाट चढून या. आकडा घाटभर स्थिर राहिला तरच बिल द्या.