अमेरिकेतल्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या संघटना राजकारणात का पडतात? त्यांनी वैद्यकशास्त्रापुरतं बघावं ना?

हे दोन्ही वेगळं ठेवणं तिथे कधी जमलेलंच नाही. बालरोगतज्ज्ञांची अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स तर राजकीय भांडणातूनच जन्मली. १९२१ च्या शेपर्ड-टाउनर कायद्याने माता-बालआरोग्यासाठी केंद्राचा पैसा आला. १९२२ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या बालरोग विभागाने त्याला पाठिंबा दिला, मूळ संघटनेने कडाडून विरोध केला. धुसफुस वाढत गेली आणि १९३० मध्ये बालरोगतज्ज्ञांनी वेगळी चूल मांडली.

पण सगळ्याच मागण्या इतक्या सोवळ्या नसतात. मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, डॉक्टरांना जे दर देतो ते घ्या. तिथे एका वैद्यकीय शाखेचे दर बरेच वाढले की बाकीच्यांचे साधारण तेवढे कापले जातात, एकूण खर्च वाढू द्यायचा नाही असा नियमच आहे. त्यामुळे 'रुग्णांच्या हितासाठी' म्हणत या शाखा एकमेकींविरुद्धही लॉबिंग करतात!

धर्मादाय म्हणून करमाफी घेणाऱ्या संस्थेला मर्यादित लॉबिंग चालतं, उमेदवाराचा प्रचार अजिबात नाही. अशा संस्थेला स्वतःची पॉलिटिकल ॲक्शन कमिटी, म्हणजे उमेदवारांना देणग्या देणारी समिती, काढता येत नाही; म्हणून काही संघटना वेगळ्या करवर्गातली जोडसंस्था काढून तिच्यामार्फत ती चालवतात. या कमिटीने केंद्रीय निवडणुकांत कोणाला किती देणगी दिली हे फेडरल इलेक्शन कमिशनकडे, म्हणजे तिथल्या केंद्रीय निवडणूक आयोगाकडे, जाहीर असतं. संघटनेचं निवेदन वाचण्याआधी मी तरी ती यादी बघेन.