बाशिंग कुणाच्या गुडघ्याला?

न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात तक्रारी चार आहेत, पण मी बोलणार एकीबद्दलच. कोणत्या, ते तुम्हालाही ठाऊक आहे.

तुम्ही लिहिता, "लेक म्हणाली, आई, एक मुलगा आवडतो, भेटवेन कधीतरी. मी त्याच रात्री पुण्याला नणंदेला फोन लावला. तिकडे सकाळच होती, ती लगेच जाऊन मंगल कार्यालयाला पंचवीस हजार ॲडव्हान्स देऊन आली. लेकीला कळलं तर म्हणते, यू आर जंपिंग द गन! आईशी बंदुकीच्या गोष्टी?"

अहो, ती बंदूक वेगळी. शर्यत सुरू करताना बार काढतात ना, ती. बार व्हायच्या आत धावत सुटणं म्हणजे जंपिंग द गन. माझा धाकटा शाळेत शंभर मीटर धावायचा. 'सेट' म्हटलं की पोरं कंबर वर घेऊन बोटांवर भार टाकून थांबतात. आईला ते दोन सेकंद बघवत नाहीत. एकदा याचा पाय सुटला आणि गडी बाहेर. मग घरी येऊन मला उसेन बोल्टचं ऐकवलं. २०११ साली देगूच्या जागतिक स्पर्धेत, शंभर मीटरच्या फायनलला, तोही असाच बाद झाला आणि सोनं योहान ब्लेक घेऊन गेला. बार झाल्यावर ०.१ सेकंदाच्या आत हललात तरी चूकच धरतात. एवढ्यात ऐकून पाय उचलणं माणसाला जमत नाही असं नियम मानतो, म्हणजे तुम्ही अंदाजाने सुटलात!

ताई, तुम्ही काय ऐकून सुटलात? लेक 'आवडतो' म्हणाली. 'लग्न' हा शब्द पत्रात तिच्या तोंडी कुठेच नाही, मी शोधला. आपल्याकडे उतावळ्या नवऱ्याच्या गुडघ्याला बाशिंग असतं. इथे नवऱ्याचा पत्ता नाही आणि बाशिंग आईच्या गुडघ्याला!

तुमची घालमेल कळते हो. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू, पौष लागला की बंद, आणि आपल्या पोरांच्या सुट्ट्या नेमक्या त्या फटीत. पण तिकडे बातमी पाठवायची घाई, हे आपलं सगळ्यांचंच दुखणं. आपण रात्री फोन ठेवून झोपतो, उठेपर्यंत ती चार घरं फिरून आलेली असते. थोरल्याच्या वेळी मी कोल्हापूरच्या जाऊबाईंना नुसतं "मुलगी छान आहे" म्हटलं, तर त्यांनी येवल्याहून मोरपदराची पैठणी मागवली. तीन महिन्यांत दोघांचं फिसकटलं. पैठणी माझ्याच कपाटात आहे, आणि जाऊबाई अजून विचारतात, "त्या पोरीचं काय झालं गं?" थोरला तेव्हा खोलीतून उठून जातो.

तेव्हा आज रात्रीच नणंदेला फोन करा, अजून काही ठरलेलं नाही म्हणा. ॲडव्हान्स मिळाला तर मिळाला. लेकीला "माझं चुकलं" एवढंच सांगा, पुढे 'पण' लावू नका.

सासूबाईंच्या विम्याचं एजंटला विचारा. भिशीतल्या भांडणात मी पडत नाही. लेकीला मराठी वाचता येत नाही, त्यावर पुढे कधीतरी.

आणि तो मुलगा घरी आलाच, तर साधा वरणभात करा. पुरणपोळ्या नकोत. मी केल्या होत्या.